ती मांडणी उकिरडा नव्हे

मशीन बंद करा. सगळ्यांनी. ज्यांचं सरस लावून झालंय त्यांनी क्लॅम्प आवळावेत आणि इकडे यावं.

या मांडणीवर ‘हवं ते घ्या, उरलं ते ठेवा’ अशी पाटी तुम्हीच लावलीत. अक्षर सुरेख आहे. आता पाटीखाली काय आहे ते बघा. एमडीएफची बोटभर रुंदीची पट्टी. सनमायका उचकटलेला प्लायचा त्रिकोण. गाठीवर चिरलेलं आंब्याचं ढलपं. रंग ढवळून तशीच टाकलेली काठी. यातलं एक तरी तुम्ही स्वतः उचलून नेलं असतं का? मग कुणासाठी ठेवलंत? कचऱ्याच्या पोत्यापर्यंत दहा पावलं जास्त चालावं लागतं, एवढंच कारण. आळसाला दानधर्म म्हणायचं, वर पाटीही लावायची!

आणि हा सागाचा तुकडा. दीड फूट लांब, तीन इंच रुंद, सरळ रेषांचा. वरवर पाहता देणारा मोठ्या मनाचा. पण टोकाजवळ हा काळा डाग दिसतो? आत खिळा आहे, डोकं तुटलेला. पेठेतल्या पाडलेल्या वाड्याचं तुळईचं लाकूड हे. ज्याने ठेवलं त्याला खिळा ठाऊक होता, कारण त्याने बरोबर खिळ्याच्या अलीकडे कापलंय. करवतीची खूण खोटं बोलत नाही. म्हणजे आपलं पातं वाचवलं आणि खिळा पुढच्याच्या नावावर केला. उद्या इथे नव्याने आलेली एखादी मुलगी विश्वासाने हा तुकडा प्लेनरमध्ये सरकवणार. पात्याला खाच पडणार, मग कुणीही फळी घातली तरी तिच्यावर तीच रेघ उमटणार, आणि नशीब फिरलं तर लोखंडाचा कण डोळ्यात. त्या खुंटीला लोहचुंबक टांगलंय. शोभेला टांगलंय का?

‘बर्मा साग आहे सर, टाकवत नाही,’ असं मला मघाशी कुणीतरी सांगितलं. बर्मा सागाचं मला सांगू नका. 1863 साली मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली. तिकडच्या जंगलातला साग हा तिचा मोठा धंदा. मंडालेच्या दरबाराने तिला जबर दंड ठोठावला, इंग्रजांना तेवढं निमित्त पुरलं, आणि 1885 साली थिबा राजाचं राज्य गेलं. इंग्रजांना फ्रेंचांची धास्तीही होती, पण तो इतिहासाच्या मास्तरांचा विषय. राजाला आणून ठेवलं रत्नागिरीत, तिथेच तो 1916 मध्ये गेला. थिबा पॅलेससमोर उभं राहून फोटो काढणारे इथे बरेच निघतील. त्या सागाचा तुकडा हाताशी आलाय आणि त्यातला एक खिळा उपटायला तुम्हाला पाच मिनिटं नाहीत?

प्लायचं तर विचारूच नका. पूर्ण शीटवर शिक्का असतो. आयएस 303 म्हणजे साधं घरकामाचं, आयएस 710 म्हणजे मरीन, पाण्याला टिकणारं. तुकडा कापला की शिक्का जातो कुणाच्या तरी कपाटात, आणि इथे येतं ते बिननावाचं पोर. पुढचा माणूस ते सिंकखाली बसवतो आणि एका पावसाळ्यात ते पापडासारखं फुगतं. पेन्सिलीने चार अक्षरं लिहायला काय जातं? पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड आणता, त्यावरही ‘एचटी’ की ‘एमबी’ ते बघत नाही. एचटी म्हणजे नुसतं तापवलेलं, एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. तो शिक्का कापून टाकलात आणि त्या फळीचा कुणी पोळपाट केला तर? आणि बंबात घालायला प्लायचे तुकडे नेणारेही आहेत, मला माहीत आहेत. त्यातल्या डिंकाचा धूर घरच्यांच्या छातीत जातो. ते तुकडे पोत्यातच जातील.

तुम्ही मागे उभे राहून हसताय ते पुढे या. ‘आम्ही कधी कचरा ठेवत नाही.’ बरोबर आहे, तुम्ही काहीच ठेवत नाही. तुमच्या बाकाखाली वाका जरा. शिसमाचे आठ-दहा उत्तम तुकडे, सगळे मांडणीवरून उचललेले, ‘कधीतरी लागेल’ म्हणून. आणि त्यांच्या शेजारी आंब्याच्या फळ्या, खाली पिठासारखा भुसा सांडलेला. तो भुसा करवतीचा नाही, भुंग्याचा आहे. सागाच्या गाभ्याला ही कीड सहसा लागत नाही, पण पांढऱ्या भागाला लागते आणि शेजारच्या फळ्यांत पसरते. तुमच्या साठ्याने अख्ख्या वर्कशॉपला वाळूचं घड्याळ लावलंय.

आखूड तुकडे फेका, असं मी म्हणत नाही. फूटभरापेक्षा आखूड तुकडा प्लेनरमध्ये घालायचा नाही, कारण पुढचा रूळ पकडायच्या आत मागचा रूळ सोडतो आणि तुकडा पात्यावर उलटतो. पण चार इंचांच्या शिसमाची पटाशीला मूठ होते, लेथवर भोवरा होतो, सागाच्या काडीची पाचर होते. ते वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर ‘फक्त हातकाम आणि लेथ’ लिहा.

आता ऐका. मांडणी रिकामी करा, आत्ता. प्रत्येक तुकडा हातात घ्या, चुंबक फिरवा, खिळा निघाला तर काढा, टोकं गुण्या लावून सरळ कापा, जात आणि तारीख लिहा. जात ओळखता येत नसेल तर मला विचारा, रागावणार नाही. महिनाभर कुणी हात लावला नाही तर ठेवणाऱ्यानेच परत न्यायचं. बाकाखालचा शिसम आधी वर येईल, भुंग्याची फळी बाहेर उन्हात जाईल. मेन स्विचच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात आहे, हे झाल्याशिवाय ती बाहेर निघणार नाही.