पानावरचा अभाव

मासिकाच्या जोडपानावर तीन गोष्टी असतात: मजकूर, चित्र आणि कोरी जागा. पहिल्या दोन्हींच्या कर्त्यांची नावे छापली जातात, तिसरीची दखल कुणी घेत नाही. मराठी मासिकांचा इतिहासही आपण असाच सांगतो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ आपल्या चित्रांनी नावारूपाला आणली, हे सगळ्यांना ठाऊक असते. कोऱ्या जागेकडे मात्र आपण कायम संशयाने पाहिले. लेख संपून चार बोटे जागा उरली, की तिथे एखादे पानपूरक गेलेच पाहिजे: चुटका, सुविचार, नाहीतर चार ओळींची कविता. या सवयीच्या तळाशी एक समजूत आहे. जिथे काही छापलेले नाही तिथे काहीच नाही, असे आपण धरून चालतो. माझ्या मते ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे सांगायला आपल्याच दर्शनांतला एक जुना वाद पुरेसा आहे.

वैशेषिकांनी जगातल्या पदार्थांची मोजदाद केली तेव्हा आधी सहा पदार्थ मानले: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. पुढच्या विचारवंतांना तेवढ्याने भागेना. त्यांनी अभाव हा सातवा पदार्थ मानला, आणि सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त तो इतर सहांच्या पंगतीला रीतसर बसलेला दिसतो. जमिनीवर घडा नाही, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. ‘घडा नाही’ हे ज्ञान खरे असेल, तर त्या ज्ञानाला विषयही असला पाहिजे, आणि तो विषय म्हणजे घड्याचा अभाव. पण हा अभाव मोकाट फिरत नाही. तो कुठेतरी असतो, ते त्याचे अधिकरण. आणि कशाचा तरी असतो, तो त्याचा प्रतियोगी. ही दोन्ही सांगता आली नाहीत, तर अभावाची भाषाच करता येत नाही. पानाच्या मांडणीला लागणारी शिस्त मला या दोन अटींत सापडते.

यावर पहिला आक्षेप मीमांसकांतल्या प्रभाकरांच्या पक्षाचा. ते म्हणतील, कोरी जागा म्हणजे नुसता कागद. जमिनीवर घडा नाही म्हणजे केवळ जमीन आहे, मधे तिसरी वस्तू कशाला आणता? प्रतिपक्षाचे उत्तर नेमके आहे. घडा असतानाही जमीन तीच होती. मग आता तिला ‘केवळ’ हे विशेषण कुठून आले? त्या ‘केवळ’मध्येच अभाव शिरलेला आहे. छापील पानावर याचा पडताळा घेता येतो. कोरी जागा म्हणजे कागदच असेल, तर सारख्या मापाच्या सगळ्या कोऱ्या जागा सारख्याच वाटायला हव्यात. तसे होत नाही. मथळ्याच्या वरची तीन बोटे आणि शेवटच्या ओळीखालची तीन बोटे कागद म्हणून सारखीच, पण एकीत सुरुवातीची चाहूल असते, दुसरीत संपल्याची जाणीव. नैयायिक पहिलीला प्रागभाव म्हणतील, दुसरीला प्रध्वंसाभाव. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ने तर कागदही काढून टाकला. त्याच्या खिडकीचित्रांत पानाला भोक असते, त्यातून मागच्या चित्राचा तुकडा दिसतो आणि मनात भलतेच काही येते. पान उलटले की सगळे निरागस निघते. तिथे गंमत उभी राहते ती चित्राच्या न दिसणाऱ्या भागावर. जो भाग झाकला गेला, त्याच्या अभावानेच वाचकाला फसवलेले असते.

आता चित्र आणि मजकूर एकत्र कशाने येतात ते पाहू. भाट्ट मीमांसकांच्या मते अभाव कळतो तो अनुपलब्धीने, म्हणजे वस्तू न आढळल्याने. पण त्यालाही अट आहे. जी वस्तू असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे अभाव सांगू शकते. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावले आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. समजा, त्या दिवसांवर एका मासिकाला देवळ्याहून लेख आणि छायाचित्र आले. डाव्या पानावर बाजार समितीचे रिकामे आवार, उजवीकडे मजकूर. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातल्या वाचकाला तिथे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग नसलेली दिसेल. पुण्या-मुंबईच्या वाचकाला दिसेल फक्त मैदान. म्हणून मजकुराने आधी ती रांग उभी करायला हवी: पहाटे लागणारा नंबर, ट्रॉलीवरची ताडपत्री, व्यापाऱ्यांच्या घोळक्यात पुकारला जाणारा भाव. मग नजर चित्राकडे वळली की तिथले नसणे त्यालाही दिसेल. मजकूर प्रतियोगी देतो, चित्र अधिकरण देते, आणि दोन्हींचा सांधा जुळतो तो त्या रिकाम्या आवारात. त्याच आवारावर कोणी पांढऱ्या अक्षरांत मथळा छापला, तर ट्रॅक्टरांच्या जागी मथळा येऊन उभा राहील आणि अभाव नाहीसा होईल.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कागद महाग, टपाल महाग; वर्गणीदाराने पैसे मोजले ते वाचण्यासाठी, कोरा कागद विकत घेण्यासाठी नव्हे. पण काटकसर म्हणजे ठासून भरणे, हे देवळ्याचा शेतकरी मान्य करणार नाही. त्याची कांदाचाळ जमिनीपासून उचललेली असते, खालून आणि बाजूच्या फटींतून वारा खेळता राहतो. त्या जागेत चार क्विंटल जास्त बसले असते म्हणून कोणी ती भरत नाही, कारण वारा अडला की माल सडतो. देवनागरीच्या ओळींचेही तसेच. वरच्या ओळीतल्या ‘दूर’चा ऊकार खाली उतरतो, खालच्या ओळीतल्या ‘कीर्ती’ची वेलांटी आणि रफार वर चढतात. इंग्रजीसाठी बेतलेले अंतर तसेच ठेवले, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वाचलेला कागद वाचकाच्या डोळ्यांतून वसूल होतो. तरीही आक्षेपाचा अर्धा भाग मी मान्य करतो. गुळगुळीत मासिकांतली पुष्कळशी कोरी जागा केवळ श्रीमंती मिरवते. हे अभाव कशाचे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. प्रतियोगी नसलेली अशी जागा खुशाल पानपूरकाला द्यावी.

तिसरा आक्षेप असा, की कोऱ्या जागेचे हे कौतुक पाश्चात्त्य आहे. त्याला उत्तर पश्चिम भारतातल्या जैन पोथ्यांत आहे. ताडपत्राच्या पोथीला दोरी ओवण्यासाठी भोक लागे, म्हणून लेखनिक त्याभोवती जागा सोडत. कागद आल्यावर भोकाची गरज संपली, पण ‘कल्पसूत्रा’च्या कागदी प्रतींमध्येही ती जागा राखलेली आढळते, तिच्या मधोमध तांबडा ठिपका काढलेला असतो. हे निव्वळ सवयीने झाले असे म्हणता येईल, पण सवयीला कोणी इतक्या काळजीने रंगवत नाही. लेखनिकाने अक्षरांना तिथे येऊ दिले नाही, आणि येऊ दिले नाही हे वाचकाला दिसेल अशी खूणही केली.

तेव्हा संपादकाने आणि मांडणीकाराने प्रत्येक कोऱ्या जागेला दोन प्रश्न विचारावेत: इथे काय नाही, आणि ते नसल्याचे कोणाला कळेल? दुसरा प्रश्न अधिक अवघड, कारण त्याचे उत्तर मांडणीच्या नियमांत मिळत नाही. देवळ्याच्या आवारात एरवी काय असते हे ज्याला माहीत नाही, त्याला तिथले रिकामेपण मांडता येणार नाही. तो पान फार तर नीटनेटके करील. मोबाइलच्या पडद्यावर जोडपान उरत नाही, मजकूर आणि चित्र एकाखाली एक सरकत जातात, हे खरे. पण हे दोन प्रश्न तिथेही टळत नाहीत. उलट समोरासमोरच्या दोन पानांचा आधार गेल्यावर आधी काय दाखवायचे, मग काय दाखवायचे नाही, हा क्रम लेखकालाच ठरवावा लागतो. मांडणीचे काम लेख लिहून झाल्यावर सुरू होते, हा समज त्यामुळे सोडावा लागेल.