झिजण्यासाठीच लावलेला गिलावा

आजचं वाचन : राजे, दुसरे पुस्तक, अध्याय १२



मंदिर बांधणारा राजा म्हटलं की आपल्याला लगेच शलमोन आठवतो. गंधसरूचं लाकूड, सोन्याचा मुलामा, समर्पणाची ती मोठी प्रार्थना. पण त्याच मंदिराची डागडुजी करणारा राजा कोण, असं कुणी विचारलं तर आपण गप्प होतो. आजच्या वाचनात तो भेटतो. त्याचं नाव योवाश.

गोष्ट साधी आहे. मंदिर जुनं झालंय, ठिकठिकाणी मोडकळीला आलंय. राजा याजकांना सांगतो, लोकांकडून जो पैसा येतो त्यातून दुरुस्ती करून घ्या. वर्षं जातात. त्याच्या कारकिर्दीचं तेविसावं वर्ष उजाडतं, तरी काम झालेलंच नसतं! मग यहोयादा याजक एक पेटी घेतो, तिच्या झाकणाला भोक पाडतो आणि ती वेदीच्या उजव्या बाजूला ठेवतो. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक मिळून पैसे मोजतात. ते पैसे देखरेख करणाऱ्यांमार्फत सुतार, गवंडी आणि पाथरवटांना मिळतात. त्यातून चांदीची भांडी केली नाहीत, कर्णे केले नाहीत. लाकूड, दगड आणि मजुरी, बस्स. देखरेख करणारे इतके सचोटीचे होते की त्यांच्याकडे कुणी हिशेबही मागितला नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून असेल कदाचित, पण हा अध्याय मला फार जवळचा वाटतो. आमच्याकडे नवं फीचर लाँच झालं की केक कापतात, फोटो काढतात. तेच सॉफ्टवेअर दहा वर्षं चालू राहावं म्हणून जो माणूस गुपचूप पॅच लावत बसतो, त्याच्यासाठी केक येत नाही. बायबलने मात्र झाकणाला भोक पाडलेल्या एका पेटीची नोंद ठेवली आहे. देवाला मेंटेनन्स दिसतो, हे वाचून बरं वाटतं.

पण आज मला एका अवघड प्रश्नाबद्दल लिहायचंय. वसईतलं आमचं चर्च जुनं आहे. कौलारू छप्पर, लाकडी वासे, चुन्यात बांधलेल्या जाड भिंती. छपराच्या आणि भिंतींच्या दुरुस्तीसाठी निधी जमवायचं ठरलं, तेव्हा युवा गटातल्या एका मुलीने सरळ विचारलं, "दादा, एवढे पैसे भिंतींवर? आपल्याच धर्मग्रामात फी भरता येत नाही म्हणून कॉलेज सोडणारी मुलं आहेत. येशूला काय आवडेल?"

प्रश्न खरा होता आणि तिने तो मनापासून विचारला होता. त्याला घाईघाईने उत्तर देणं बरोबर नाही. म्हणून आधी दोन इमारती बघू या. दोन्ही जुन्या गोव्यात आहेत, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

पहिली संत ऑगस्टीनची. १६०२ मध्ये पूर्ण झालेलं हे भव्य चर्च आता भग्नावस्थेत आहे. सुमारे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा जेमतेम अर्धा भाग उभा आहे. हे कुणा शत्रूने तोफा लावून पाडलं नाही. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघांना गोव्यातून घालवलं आणि चर्च ओस पडलं. १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं. म्हणजे फक्त सात वर्षांत! १८७१ मध्ये मनोऱ्यातली घंटा पणजीच्या चर्चमध्ये नेली. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. वर चढून तुंबलेली पन्हळ मोकळी करणारा, भिंतीत रुजलेलं पिंपळाचं रोप उपटणारा माणूस नसेल, तर दोन शतकं उभी राहिलेली इमारत पडायला सात पावसाळे पुरतात.

ही झाली दुर्लक्षाची गोष्ट. दुसरी इमारत वेगळंच काही सांगते.

ती म्हणजे बॉम जीझस बॅसिलिका. तुमच्यापैकी अनेकांच्या इन्स्टाग्रामवर तिचा फोटो असेल. काम १५९४ मध्ये सुरू झालं, अभिषेक १६०५ मध्ये झाला. संत फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव तिथे आहे. १९८६ पासून जुन्या गोव्यातली ही चर्चेस जागतिक वारसा यादीत आहेत. आम्हा वसईकरांना तिचं आणखी एक अप्रूप आहे. तिच्यातले खांब आणि कोरीव पट्ट्या ज्या काळ्या दगडाच्या आहेत, तो दगड वसईहून नेलेला. भिंती मात्र तिथल्याच जांभ्याच्या.

फोटोत आपल्याला तो तांबूस, उघडा जांभा दिसतो आणि आपण म्हणतो, काय जुनं, काय सुंदर! पण बांधणाऱ्यांनी ती अशी ठेवलीच नव्हती. जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर, पोर्तुगीज राजवटीतच, तो खरवडून काढला. उघड्या दगडात पुरातनपणा जास्त दिसतो, अशी त्यामागची कल्पना. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस पितो, उन्हात वाळतो, पुन्हा पितो आणि हळूहळू झिजत जातो. गेली काही वर्षं गोव्यात मागणी होते आहे की गिलावा पुन्हा करा, नाहीतर भिंती जातील. विरोधही होतो, कारण लोकांना आता हेच लाल रूप खरं वाटतं.

संत ऑगस्टीनच्या चर्चवर कुणाचं लक्ष नव्हतं. बॉम जीझसवर मात्र लोकांचं प्रेम होतं, पण ते तिच्या वयावर होतं, तिच्या भिंतींवर नव्हतं. आपण आजी-आजोबांच्या बाबतीतही कधी कधी असंच करतो, नाही का? त्यांच्या सुरकुत्यांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो टाकतो, पण गुडघा दुखतो का, हे विचारत नाही.

या गिलाव्याबद्दल थोडं सांगतो, कारण आजच्या चिंतनाचा गाभा तिथे आहे. चुन्याचा गिलावा दगडापेक्षा मऊ असतो. पावसाचा मारा तो अंगावर घेतो, भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, आणि हे करता करता स्वतः भुगा होऊन गळतो. मग तो पुन्हा लावायचा, पुन्हा पांढरा करायचा. जुन्या इमारती जतन करणारे त्याला सॅक्रिफिशियल लेयर म्हणतात. बलिदान देणारा थर! तो झिजतो म्हणून भिंत झिजत नाही. झिजणं हेच त्याचं काम.

इथे एक मोह होतो. दर काही वर्षांनी चुना कशाला, एकदाच सिमेंट मारू आणि मोकळे होऊ. पण सिमेंट घट्ट असतं. ओल आत कोंडते आणि मागचा दगड किंवा जुना चुना आतून सुटायला लागतो. वरून सगळं छान, गुळगुळीत. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. मला यात आपल्या श्रद्धेचं चित्र दिसतं. एखादं रिट्रीट केलं, रडून प्रार्थना केली, आता वर्षभर बघायला नको, असं आपल्याला वाटतं. प्रेमातून एकदाच काय ते करून सुटका मिळत नाही. रोजची प्रार्थना, दर महिन्याचा पापस्वीकार, हे चुन्याचे हात आहेत. पातळ, स्वस्त आणि पुन्हा पुन्हा द्यावे लागणारे.

आणि चर्चचा खरा गिलावा कोण? पहाटे घंटा वाजवणारे काका. शनिवारी बाकं पुसणाऱ्या आजी. पाऊस सुरू व्हायच्या आधी छप्पर शाकारणारे, ज्यांची नावं कुठल्याही संगमरवरी पाटीवर नाहीत. पाटी नव्या बांधकामाला मिळते, छप्पर शाकारणाऱ्याला नाही. तरी तेच झिजतात आणि चर्च उभं राहतं.

आता त्या मुलीचा प्रश्न. चौथ्या शतकात अंत्युखियात संत योहान क्रिसोस्तोम यांनी मत्तयच्या शुभवर्तमानावर प्रवचनं दिली. त्यांतल्या एकात ते लोकांना विचारतात की वेदीवर ख्रिस्ताला रेशमी वस्त्रं आणि सोन्याचे पेले देता, आणि तोच ख्रिस्त दाराबाहेर थंडीत उघडा बसलाय त्याचं काय? हे वाचून सुटका नाही. ती मुलगी एकटी नाही, तिच्या बाजूने एक संत उभा आहे.

पण नीट पाहा, क्रिसोस्तोम सजावटीबद्दल बोलतात. योवाशाच्या पेटीतूनही चांदीची भांडी केली नव्हती, छप्पर आणि भिंती केल्या होत्या. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. झुंबर वेगळं आणि गळणारं छप्पर वेगळं. जुन्या चर्चच्या नावाखाली आपण इटालियन मार्बल बसवणार असू, तर मी त्या मुलीच्या बाजूने मत देईन.

दुसरी गोष्ट. डागडुजी टाळून वाचलेला पैसा गरिबांकडे गेला, असं मी तरी कधी पाहिलं नाही. तो कुठेच जात नाही. पुढच्या पिढीच्या नावावर कर्ज म्हणून चढतो. आमच्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात. आज एक कौल बदललं नाही तर उद्या वासा कुजतो, परवा अख्खं छप्पर उतरवावं लागतं. तेविसाव्या वर्षापर्यंत थांबलं की मोठी पेटी लागते.

तिसरी गोष्ट, चर्च कोणाचं? ज्याच्याकडे मोठं घर आहे त्याला बसायला जागा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत पाचजण राहणाऱ्या माणसाला मात्र तुझं नाव काय, तू इथे का आलास, असं न विचारणारी उंच, शांत, सुंदर जागा कदाचित ही एकच असते. ते छप्पर त्याचंही आहे. गरिबाला फक्त भाकरी पुरे, सौंदर्य नको, हे आपण कोण ठरवणार?

आणि तरीही, एक गोष्ट विसरायची नाही. योवाशाचं पुढे काय झालं, ते इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात, अध्याय २४ मध्ये आहे. यहोयादा वारला, राजा बदलला. यहोयादाच्या मुलाने, जखऱ्याने, त्याला त्याची चूक दाखवली, तेव्हा राजाच्या हुकमाने त्याला दगडमार करून ठार केलं. कुठे? मंदिराच्याच अंगणात. ज्या भिंती याने सावरल्या, त्यांच्याच सावलीत. दुरुस्त भिंत माणसाला आपोआप नीतिमान करत नाही. ज्या अंगणात खरं बोलणाऱ्याला जागा नाही, त्या अंगणाच्या फरशा कितीही नीट असोत, त्या कशासाठी?

म्हणून मी तिला जे सांगितलं ते असं. गिलावा भिंतीसाठी असतो, भिंत छपरासाठी आणि छप्पर आतल्या माणसांसाठी. हा क्रम उलटा झाला की चर्चचं म्युझियम होतं. खरोखर एकच निवडायची वेळ आली, तर मुलाची फी आधी. भिंत एखादा पावसाळा ताडपत्रीखाली काढेल, पण हातातून गेलेलं कॉलेजचं वर्ष मुलाला परत मिळणार नाही. पण बहुतेक वेळा निवड एवढी एकेरी नसते. बहुतेक वेळा दोन पेट्या ठेवता येतात, दोन्हींत थोडं थोडं टाकता येतं आणि दोन्हींचा हिशेब नोटीस बोर्डावर लावता येतो. योवाशाच्या लोकांना हिशेब मागावा लागला नाही. आपण मागितला तर वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

तिने मान डोलावली, पण तिचं पूर्ण समाधान झालं असं मला वाटत नाही. ते बरंच आहे. असा प्रश्न विचारणारं कुणीतरी निधी समितीत हवंच.

आजसाठी : या रविवारी मिस्सेनंतर पाच मिनिटं थांबा. आपल्या चर्चभोवती एक फेरी मारा. कुठे ओल आलीय, कुठे रोप उगवलंय, ते बघा आणि फादरांना सांगा. मग फाटकाशी कोण बसलंय तेही बघा. एकच फेरी, दोन्ही कामं.

प्रार्थना : हे प्रभू, बांधणाऱ्यांची नावं आम्हाला पाठ आहेत, सांभाळणाऱ्यांची तुला ठाऊक आहेत. आम्हाला पाटीचा मोह नको, पातळ चुन्याचा एक हात होऊ दे. आमच्या झिजण्याने कुणाचं तरी छप्पर टिकू दे. आणि तुझ्या अंगणात खरं बोलणाऱ्याला आमच्याकडून कधी दगड न मिळो. आमेन.