समदृष्टी आणि उसातला बिबट्या



आजचं वाचन गीता, अध्याय ५, श्लोक १८. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि कुत्र्याचं मांस खाणारा माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी सारख्याच नजरेनं पाहतो. यादीत बिबट्या नाही. (कुत्रा आहे, आणि बिबट्याला तो भलताच आवडतो, पण ते असो.)

असा श्लोक वाचला की आपण शहरातले लगेच मान डोलावतो. बिबट्यालाही जगायचा हक्क आहे, असं स्टेटस ठेवतो. कायदाही त्याच्या बाजूनं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत येतो. तो माणसाच्या जिवावर उठला किंवा बरा होण्यापलीकडे गेला, तरच मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशानं त्याला मारता येतं.

पण जुन्नरकडे रात्री उसाला पाणी द्यायला निघालेल्या बापाला ही समदृष्टी कुठल्या तोंडानं सांगायची? त्याचं लेकरू अंगणात खेळतं आणि ऊस अंगणाला लागून आहे. दया आपली आणि जोखीम त्याच्या लेकराची, याला मी तरी समदृष्टी म्हणणार नाही.

मग पकडून लांब सोडा ना! तेही करून झालंय. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार जुन्नर भागात १९९३ ते २००१ दरम्यान माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे. बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला लागल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ही सरासरी १७ वर गेली. म्हणजे उपायानंच दुखणं वाढवलं असावं.

मला वाटतं, 'सम' म्हणजे सगळ्यांशी एकसारखं वागणं नव्हे. गाईचा चारा कुणी कुत्र्यापुढे टाकत नाही. सम पाहणं म्हणजे कुणाचंच दुःख हिशेबातून न वगळणं. बिबट्याचं नाही, त्या बापाचंही नाही. आणि हिशेब मांडायचाच तर आपलंही नाव त्यात येतं. आम्ही ऑफिसात डिपेंडन्सी शोधत मागे मागे जातो, तसं जाऊन बघा. कुकडीच्या कालव्यांनी पाणी आलं, पाण्यानं ऊस आला, दाट उसात मादी पिल्लं घालू लागली. साखर मात्र आपल्या चहात. शेतीपंपाची वीज बऱ्याच गावांत रात्रीच्या पाळीत येते, म्हणून तो माणूस बिबट्याच्या वेळेला शेतात असतो. हौस म्हणून नाही.

दिवसा वीज द्या, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. बिबट्याचे रील्स आपण रोज फॉरवर्ड करतो. ही मागणी किती जणांनी केली?

उद्या श्लोक १९. त्यातही 'साम्य' आहेच.

राम कृष्ण हरी!