मेरी ट्यूडर : क्षमा कोणाला, आग कोणाला

इंग्लंडच्या गादीवर स्वतःच्या हक्काने बसलेली आणि राज्याभिषेक झालेली पहिली स्त्री म्हणजे आठव्या हेन्रीची थोरली मुलगी मेरी. जुलै 1553 ते नोव्हेंबर 1558, अशी जेमतेम सव्वापाच वर्षे तिने राज्य केले. एवढ्याशा काळातून इतिहासात उरले ते ‘ब्लडी मेरी’ हे नाव, आणि तेही मरणोत्तर चिकटलेले. अलीकडे हा डाग धुऊन काढण्याची टूम निघाली आहे. तिच्या बापाने माणसे जाळली, तिची सावत्र बहीण एलिझाबेथ हिनेही कॅथलिकांना फासावर चढवले. मग बदनामी एकट्या मेरीच्याच वाट्याला का, असा प्रश्न विचारायचा आणि जेत्यांनी इतिहास लिहिला म्हणून, असे उत्तर देऊन मोकळे व्हायचे. दोन्ही पारड्यांत मढी टाकून तराजू समतोल झाल्याचे दाखवणारा हा युक्तिवाद वरवर न्याय्य वाटतो. मेरीच्या राज्यात नेमके काय घडले, हा प्रश्न मात्र त्यात बाजूलाच राहतो.

मेरीचा जन्म 1516 चा, ग्रीनिचच्या राजवाड्यातला. आई ॲरॅगॉनची कॅथरीन. हेन्रीने हा विवाह रद्द ठरवून घेतला तेव्हा मेरी अनौरस ठरली, आईपासून तोडली गेली. आणि आईच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, 1536 मध्ये, आईबापांचा विवाह मुळातच अवैध होता अशा मजकुराखाली तिला सही करावी लागली. पुढची सगळी कठोरता या जखमेतून उगवली असे मानणारे चरित्रकार आहेत. दुखावलेल्या सगळ्याच मुली माणसे जाळत नाहीत, एवढे त्यांना सांगितले की पुरे.

सहावा एडवर्ड 6 जुलै 1553 रोजी वारला. त्याच्या हयातीत सगळी सूत्रे हाती असलेल्या नॉर्दम्बरलंडच्या ड्यूकने आपली सून लेडी जेन ग्रे हिला गादीवर बसवले. मेरी सफकमधल्या फ्रॅमलिंगमच्या किल्ल्यात गेली, माणसे तिच्याभोवती गोळा होत गेली आणि 19 जुलैला लंडनने तिची द्वाही फिरवली. आता सूड उगवला जाईल, असे कोणालाही वाटले असते. त्या उन्हाळ्यात मुंडकी उडाली ती तीन : नॉर्दम्बरलंड आणि त्याचे दोन साथीदार. जेनला देहान्ताची शिक्षा झाली, पण तिची अंमलबजावणी मेरीने रोखून धरली. स्पेनच्या फिलिपशी ठरलेल्या विवाहाविरुद्ध 1554 च्या जानेवारीत टॉमस वायटने बंड केले आणि जेनचे वडील त्यात सामील झाले, तेव्हा कुठे जेनचा बळी गेला. बंडखोरांपैकी अनेकांना फाशी झाली, तरी पुष्कळांना माफीही मिळाली. बंडात हात असल्याच्या संशयावरून लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकलेली एलिझाबेथ जिवंत बाहेर आली. त्या शतकाच्या मानाने मेरी राजद्रोह्यांशी फार सौम्यपणे वागली, हे तिच्या शत्रूंनाही नाकारता येण्यासारखे नाही.

फिलिपशी तिचा विवाह 25 जुलै 1554 रोजी विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये झाला. नोव्हेंबरअखेर कार्डिनल रेजिनाल्ड पोल याच्या हस्ते इंग्लंड पुन्हा रोमच्या छत्राखाली आले. पाखंडाविरुद्धचे मध्ययुगीन कायदेही पार्लमेंटने पुन्हा जिवंत केले. खटला बिशपच्या न्यायालयात चाले. सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न मिस्सेविषयीचा : धर्मगुरूने उच्चार केल्यावर भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते की नाही? नाही म्हणणाऱ्याला मत बदलण्याची संधी दिली जाई, बहुधा अनेकदा. तरीही तो बधला नाही तर त्याला मुलकी अधिकाऱ्याच्या स्वाधीन करत, कारण चर्च स्वतः रक्त सांडत नसे. चिता रचायची ती शेरीफने.

पहिली चिता 4 फेब्रुवारी 1555 रोजी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये पेटली, जॉन रॉजर्ससाठी. पुढच्या पावणेचार वर्षांत सुमारे 280 माणसे जळाली, त्यांत पन्नासहून अधिक स्त्रिया होत्या. बिशप मोजकेच. बाकीचे विणकर, मजूर, शिकाऊ कारागीर, विधवा. त्यातले बहुतेक लंडन, केंट, एसेक्स, ससेक्सकडचे. प्रॉटेस्टंट लेखक जॉन फॉक्सने नोंदवलेल्या कहाण्यांत डर्बीच्या जोन वेस्टची एक आहे. बावीस वर्षांची, जन्मांध. मोजे विणायची, वडिलांना दोर वळायला मदत करायची. साठवलेल्या पैशांतून तिने नवा करार विकत घेतला, आणि स्वतःला वाचता येत नसल्याने इतरांकडून, प्रसंगी पैसे देऊन, वाचून घेतला. 1556 च्या ऑगस्टमध्ये तिला जाळले. हिच्यापासून सिंहासनाला कोणता धोका होता? सगळे खापर स्पॅनिश सल्लागारांवर फोडणाऱ्यांनी फिलिपचाच धर्मोपदेशक अल्फोन्सो दे कास्त्रो याने फेब्रुवारी 1555 मध्ये या जाळपोळीविरुद्ध दिलेले प्रवचन लक्षात घ्यावे.

मेरीच्या राज्याचे मर्म मात्र टॉमस क्रॅनमरच्या प्रकरणात आहे. तिच्या आईचा विवाह 1533 मध्ये रद्द ठरवणारा आर्चबिशप तोच; जेनच्या वारसाहक्काच्या कागदावर सही करणाराही तोच. राजद्रोहाबद्दल त्याला नोव्हेंबर 1553 मध्येच देहान्ताची शिक्षा झाली होती. दुसऱ्या दिवशी त्याचे डोके उडवले असते तरी कोणी चकार शब्द काढला नसता. मेरीने ते केले नाही. त्याला ऑक्सफर्डला तुरुंगात ठेवले, रोमकडून रीतसर पाखंडी ठरवून घेतले आणि सव्वादोन वर्षे वाट पाहिली. दरम्यान क्रॅनमर खचला. आपली मते चुकीची होती असे त्याने एकदा नव्हे, अनेकदा लिहून दिले. पहिल्याच अपराधात पश्चात्ताप दाखवणाऱ्याचा जीव वाचवावा, ही चर्चची नेहमीची रीत. त्याच्या बाबतीत ती पाळली गेली नाही. 21 मार्च 1556 रोजी सेंट मेरीच्या चर्चमध्ये, पश्चात्ताप करूनही हा माणूस का जळाला पाहिजे, याची कारणे प्रवचनातून सांगण्यात आली. मग क्रॅनमर बोलायला उठला, दिलेले सगळे लेख त्याने मागे घेतले आणि चितेवर आधी उजवा हात ज्वाळेत धरला, कारण सही त्या हाताने केली होती.

राजद्रोह हा मेरीविरुद्धचा अपराध होता, म्हणून तो माफ करायला ती मोकळी होती. पाखंड हा तिच्या लेखी देवाविरुद्धचा अपराध; तिथे क्षमेचा अधिकार आपला नाही, अशी तिची प्रामाणिक समजूत असावी. म्हणजे मढ्यांच्या बेरजेचा युक्तिवाद जो फरक पुसू पाहतो, तो फॉक्सने शोधलेला नाही. खुद्द मेरीनेच तो केला आणि शेवटपर्यंत पाळला. 1557 मध्ये केंब्रिजला प्रॉटेस्टंट धर्मपंडित मार्टिन ब्यूसरची शवपेटी उकरून काढून जाळण्यात आली. मेलेल्या माणसाकडून बंडाचे भय नसते.

आता ती बेरीज. एलिझाबेथच्या राज्यात सुमारे दोनशे कॅथलिक धर्मगुरू आणि गृहस्थ मारले गेले, तेही फासावरून अर्धमेले उतरवून, चिरून. ते मरण चितेपेक्षा सुसह्य नव्हते. पण ते 44 वर्षांत. आणि 1570 मध्ये पोपने एलिझाबेथला बहिष्कृत करून तिच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळे केले, त्यानंतर ही संख्या वाढत गेली. इथे बेरीजवाद्यांचा एक मुद्दा खरोखर जड आहे : 1585 च्या कायद्याने, रोमच्या अधिकाराने दीक्षा घेतलेला धर्मगुरू इंग्लंडमध्ये असणे हाच राजद्रोह ठरला. ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचणारा फादर थॉमस स्टीफन्स मूळचा इंग्रज, 1579 मध्ये गोव्याला आलेला जेझुइट. तो मायदेशी परतला असता तर काहीही न करता देहान्ताला पात्र ठरला असता. हा कायदा अन्यायाचा होता, यात शंका नाही. पकडलेल्या धर्मगुरूंचे हाल करून, पोपची फौज चालून आली तर तू कोणाच्या बाजूने लढशील, असेही विचारले जाई. मनात डोकावण्याचाच हा प्रकार. तरीही त्या प्रश्नाचा रोख उद्या हातात धरायच्या शस्त्रावर होता. जोन वेस्टला विचारलेल्या प्रश्नाचा रोख भाकरीवर होता. पहिल्या प्रश्नाला कॅथलिक राहूनही राजनिष्ठ उत्तर देता येत असे, निदान कल्पनेत. दुसऱ्या प्रश्नाला श्रद्धा सोडल्यावाचून सुटकाच नव्हती. एलिझाबेथच्या काळातही निव्वळ पाखंडासाठी जाळलेली माणसे सापडतात, 1575 चे दोन डच ॲनाबॅप्टिस्ट त्यांपैकी. पण ती मोजकी, आणि पाखंडाचे पुनरुज्जीवित कायदे तिच्या पहिल्याच पार्लमेंटने रद्द केले होते.

मेरीच्या कारकिर्दीची दुसरी बाजूही होती. 1554 च्या कायद्याने राणीचा अधिकार राजाइतकाच पूर्ण असल्याचे ठरले. एलिझाबेथला तो आयता मिळाला. मस्कव्ही कंपनीला 1555 मध्ये सनद मिळाली, 1558 मध्ये जकातीचे दर नव्याने ठरले. पण दैव उलटे फिरले होते. 1555 मध्ये महिनोन्‌महिने वाट पाहूनही मूल जन्मले नाही, गर्भ नव्हताच. लागोपाठ दोन हंगाम पिके बुडाली, तापाच्या साथीने माणसे मेली, फिलिपच्या युद्धात इंग्लंड ओढले गेले आणि जानेवारी 1558 मध्ये कॅले फ्रान्सने घेतले. पोप चौथा पॉल तर पोललाच पाखंडी म्हणू लागला. 17 नोव्हेंबर 1558 रोजी राणी आणि कार्डिनल काही तासांच्या अंतराने वारले. शेवटच्या चिता त्याच महिन्यात कँटरबरीला पेटल्या होत्या.

फॉक्सच्या हुतात्म्यांच्या ग्रंथाची पहिली इंग्रजी आवृत्ती 1563 मध्ये निघाली, आणि 1571 मध्ये तो कॅथीड्रलांत ठेवण्याचा आदेश निघाला. मेरीची अपकीर्ती टिकली ती बरीचशी या पुस्तकामुळे, हे खरे. वाद मात्र तेवढ्यावर थांबला नव्हता. एलिझाबेथचा मंत्री विल्यम सेसिल याने 1583 मध्ये पत्रक काढून दावा केला की आमच्या राज्यात कोणी धर्मासाठी मरत नाही, राजद्रोहासाठी मरतो. परदेशी आसऱ्याला गेलेल्या कॅथलिकांचा पुढारी विल्यम ॲलन याने पुढच्याच वर्षी उत्तर दिले. मेरीनेही मारले आणि तुम्हीही मारता, तेव्हा फिटंफाट, असे तो म्हणाला नाही. मेरीच्या काळात जळाले ते पाखंडी होते आणि कायद्याने जळाले, आमचे धर्मगुरू राजद्रोही नाहीत आणि त्यांना श्रद्धेसाठीच मारले जात आहे, असे त्याचे म्हणणे होते.