आजचं चिंतन : पाईलचं डोकं आणि अमानित्व



आपल्या रोजच्या वाचनात सध्या ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय चालू आहे. भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगायला सुरुवात करतात आणि यादीत सगळ्यात आधी ठेवतात अमानित्व. म्हणजे मानाची हाव नसणं. माऊली या एका शब्दापाशी बराच वेळ थांबतात.

वाचायला छान वाटतं, पण मग ऑफिसमध्ये अप्रेझलचा फॉर्म समोर येतो आणि प्रश्न पडतो. स्वतःबद्दल काय लिहायचं? केलेलं कामही लपवायचं का? मान नको म्हणजे स्वतःला नेमकं किती कमी करायचं?

मला याचं थोडंफार उत्तर मालवण तालुक्यात, एका खाडीकाठच्या साईटवर मिळालं. सिव्हिलची डिग्री घेऊन मी तिथे नुकताच लागलो होतो.

मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर सिंधुदुर्ग दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ ला मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून महाराजांनी त्याचा पाया घातला. किल्ल्याला कुरटे बेटाचा खडक मिळाला. खाडीच्या काठाला मात्र तसं नशीब नाही, तिथे वर सगळी वाळू आणि चिखल. म्हणून पाईल घ्यावे लागतात. जमिनीत गोल भोक पाडत खडकापर्यंत जायचं, ते ढासळू नये म्हणून बेंटोनाईटचं पाणी भरून ठेवायचं, सळ्यांचा पिंजरा आत सोडायचा आणि लांब पाईपने तळापासून काँक्रीट भरत वर यायचं.

हे काँक्रीट वर चढताना भोकातला चिखल आणि बेंटोनाईट आपल्या डोक्यावर घेऊन येतं. त्यामुळे पाईलचा वरचा भाग कच्चा राहतो. इंजिनीअरना हे आधीच माहीत असतं, म्हणून काँक्रीट मुद्दाम हवं त्यापेक्षा अर्धा-एक मीटर जास्त भरतात आणि घट्ट झाल्यावर तेवढं फोडून टाकतात. जिथपर्यंत फोडायचं ती कट-ऑफ लेव्हल. साईटवर या कामाला सरळ 'डोकं फोडणं' म्हणतात.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. एवढी मेहनत, एवढं सिमेंट आणि शेवटी डबरात! पण ते डोकं फुकट गेलेलं नसतं. त्याने चिखल स्वतःवर घेतला म्हणून खालचं काँक्रीट स्वच्छ राहिलं. आपल्यातल्या 'मी'चंही तसंच असावं. दहावीला, कॉलेजात, पहिल्या नोकरीत त्याच्या जोरावर आपण वर आलो. त्याचं काम होतं, ते झालं. आता त्याच्यावरच पूल टेकवायला गेलो तर पूल खचेल.

आणखी एक गोष्ट. पाईलच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस २९११ मध्ये, यासाठी वेळ ठरवून दिलीय. हाताने छिन्नी-हातोडीने फोडायचं तर तीन दिवसांनंतर, आणि हवेवरचा ब्रेकर सात दिवसांच्या आत लावायचा नाही. कोवळ्या काँक्रीटला हादरे दिले तर खालचा चांगला भागही तडकतो. दुसऱ्याचा अहंकार उतरवायची आपल्याला फार घाई असते ना, तेव्हा हे आठवावं. ज्युनियर पोराला पहिल्याच आठवड्यात चारचौघांत झोडपणारे लोक त्याला नम्र करत नसतात.

आता माझी गोष्ट.

एका संध्याकाळी मी लेव्हल लावून पाईलवर खुणा करत होतो. घाईत एका ठिकाणी स्टाफवरचा आकडा दहा सेंटीमीटरने चुकीचा वाचला. पोरांनी खुणेप्रमाणे पाईल फोडला. रात्री खोलीवर वही तपासताना माझ्या लक्षात आलं की एक पाईल दहा सेंटीमीटर खाली गेलाय.

दुसऱ्या दिवशी पीसीसी पडणार होतं. गप्प बसलो असतो तर तो खड्डा त्याच्यासोबत भरून गेला असता, वर पाईल कॅप आली असती आणि कुणाला कधीच कळलं नसतं. फक्त पाईल आणि कॅप यांच्यामध्ये कच्च्या काँक्रीटचा थर राहिला असता. भार तिथूनच खाली उतरला असता, वर्षानुवर्षं.

खरं सांगतो, माझ्या मनात आधी पुलाचा विचार आला नाही. 'सीनियर काय म्हणतील' हाच आला. रात्रभर तेच डोक्यात. अमानित्व हा शब्द मला पाठ होता, लहानपणापासून घरात पारायणं ऐकली होती. पण मान म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. फेटा, हार, टाळ्या ही नंतरची गोष्ट. चूक कबूल करायला जीभ उचलू देत नाही, तो मान.

सकाळी साईटवर पहिले भेटले ते आमचे मुकादम. सगळे त्यांना तात्या म्हणायचे. त्यांना सांगितलं. ते खाली उतरले, पाईल बघितला आणि म्हणाले, "सायबानू, काँक्रीट कमी झाला तर भरूक येता. सळयो कापल्यात तर जोडतल्यात खंयसून?"

मग सीनियरना सांगितलं. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. लागलं. पण डिझाईनवाल्यांना विचारून पाईलचा माथा साफ केला, चांगल्या प्रतीचं काँक्रीट घालून लेव्हलपर्यंत वर घेतला. सळ्या शाबूत होत्या म्हणून ते जमलं.

माझी चूक जास्त कापण्याची होती, हे मला नंतर उमगलं. नम्रतेच्या नावाखाली आपण हेच करतो. "मला काय येतंय", "मी कोण सांगणारा" असं म्हणत खाली खाली जातो आणि आपल्या वाट्याचा भार चुकवतो. पाईल उंच राहिला तरी अडचण, खाली गेला तरी भार नीट पोचत नाही. कच्चं आहे तेवढंच फोडायचं. सळ्या, म्हणजे श्रद्धा, माणसं, सचोटी, ज्यांनी आपण पुढच्याशी जोडले जातो, त्यांना हात लावायचा नाही. अप्रेझलच्या फॉर्मवरही केलेलं काम सरळ लिहावं. दुसऱ्याचं आपलं म्हणून लिहू नये, एवढंच.

आणि लेव्हल ठरवायची कुणी? पाईलने नाही. शेजारच्या पाईलकडे बघूनही नाही, कारण तोही चुकलेला असू शकतो. ती बेंचमार्कवरून येते, आणि बेंचमार्कची उंची मोजलेली असते समुद्रसपाटीपासून. लाटा वरखाली होतात, सरासरी पातळी मात्र धरून चालता येतं. आपण दिवसभर शेजाऱ्याची उंची बघून स्वतःला मोजतो आणि कधी फुगतो, कधी खचतो. हरिपाठाला बसायचं ते बेंचमार्कवर परत लेव्हल लावण्यासाठी.

आज माझ्या हाताखाली पोरं काम करतात. तीच चूक आज माझ्याकडून झाली तर मी इतक्या लवकर सांगेन का? खात्री देता येत नाही. पाईलचं डोकं एकदा फोडलं की झालं. आपलं रात्रीत पुन्हा वाढतं, म्हणून रोज वाचायचं.

आज एवढंच करून बघा. कुणाच्या लक्षात आली नसती अशी आपली एक चूक, ज्याला सांगायला हवी त्याला सांगा. उद्या पुढचं लक्षण, अदंभित्व.

राम कृष्ण हरी!