क्षमा आणि तिची बतावणी

पत्नीचा व्यभिचार उघड्या डोळ्यांनीं पाहूनहि जो पति शांत राहतो, त्यास क्षमाशील म्हणावें काय? पॅट्रिशिया हायस्मिथ या अमेरिकन लेखिकेच्या १९५७ च्या कादंबरीवरून एड्रियन लाइन यांनीं २०२२ मध्यें दिग्दर्शित केलेल्या ‘डीप वॉटर’ या रहस्यपटानें हा प्रश्न उपस्थित केला. उत्तर मात्र टाळलें. घटस्फोट टळावा म्हणून व्हिक हा पत्नी मेलिंडा हिला परपुरुषांशीं संबंध ठेवूं देतो, आणि मागाहून तिच्या दोन प्रियकरांचे प्राण घेतो. तिचें वर्तन निंद्य खरें. पण तें उघड आहे. खरी प्रतारणा आहे ती पतीच्या औदार्यांत. कारण मनांत द्वेष ठेवून दिलेली अनुमति खोटीच होय. कादंबरींत या द्वेषाचा शेवट पत्नीच्या हत्येंत व पतीच्या अटकेंत होतो. चित्रपटांत मात्र पत्नी पुरावा जाळून पतीजवळच राहते! दोन खुनांचा जाब कोणी कोणास विचारीत नाहीं, येथेंच आमची निराशा झाली. ज्यास क्षमा साधत नाहीं, त्यानें उघडपणें रागवावें, अथवा विभक्त व्हावें. सोसण्याचें सोंग करण्यापेक्षां तें अधिक नीतीचें, असें आम्हांस वाटतें.