एकट्याच्या खांद्यावरील ओझें

वचन: निर्गम, अध्याय १८, वचनें १३ ते २७



मोशे अरण्यांत लोकांचा न्याय करण्यास बसे, तेव्हां सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्याभोंवतीं उभे असत. त्याचा सासरा इथ्रो, मिद्यानाचा याजक, भेटीस आला होता. हें पाहून त्यानें जांवयाची वाहवा केली नाहीं. तूं एकटाच कां बसतोस, असें विचारलें. लोक देवाची इच्छा समजून घेण्यास माझ्याकडे येतात, असें मोशेनें सांगितलें. हें उत्तर खोटें नव्हतें. तरी ही रीत बरी नव्हे, असें इथ्रोनें स्पष्ट सांगितलें.

अशानें तूं झिजशील आणि तुझ्याबरोबरचे लोकही झिजतील, असा त्याच्या बोलण्याचा भावार्थ आहे. आपण पहिला भाग ऐकतों, दुसरा विसरतों. सेवक थकला म्हणजे त्या एकट्याचेंच नुकसान, असें आपणांस वाटतें. परंतु दिवसभर उभें राहूनही ज्याचें गाऱ्हाणें ऐकलें गेलें नाहीं, तो मनुष्य काय घेऊन घरीं जातो?

ही गोष्ट केवळ प्राचीन काळची नव्हे. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यांत स्वेच्छेनें सेवा करणाऱ्यांची दशा पाहून हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर ह्या मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं तिजविषयीं लेख लिहिला. तीं माणसें आळशी नव्हतीं; मोठ्या कळकळीनें कामास लागलेलीं होतीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं ह्या दशेचीं तीन लक्षणें सांगितलीं: शक्ति संपून जाणें, कामाविषयीं मन दुरावणें वा कडवट होणें, आणि आपल्या हातून कांहीं होत नाहीं असें वाटणें. तिनें हिला रोग म्हटलें नाहीं; कामाच्या ठिकाणीं दीर्घकाळ साचलेल्या ताणाचा हा परिणाम आहे, असें म्हटलें. म्हणून दोष केवळ माणसांत शोधूं नये, कामाच्या मांडणींतही शोधावा.

इथ्रोनेंही अधिक धीर धर असें सांगितलें नाहीं, मांडणीच बदलविली. देवाचें भय धरणारे, लांच न घेणारे पुरुष निवडून हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नेमावे. लहान तंटे त्यांनीं मिटवावे, अवघड तेवढे मोशेकडे आणावे. मोशेनें सेवा सोडली नाहीं. जी खरोखर त्याची होती, तेवढीच त्याच्याकडे राहिली.

परंतु ज्याची शक्ति आधींच संपली आहे, त्याचें काय? एलीया रानांत झुडुपाखालीं मरण मागत पडला (१ राजे १९). देवदूतानें त्यास बोल लाविला नाहीं; भाकर व पाणी दिलें, पुन्हा निजूं दिलें, पुन्हा जेवूं घातलें. पुढें देवानें त्यास अलीशा हा सोबती दिला. थकलेल्यास आधीं अन्न व झोंप, मग सोबती, उपदेश त्यानंतर.

आणि विसावा हा नियमच असावा. मुंबईच्या गिरणीकामगारांस आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीनें १८९० सालीं मालकांनीं रविवारची सुटी कबूल केली. तेव्हांपासून विसावा ही एकेकानें मागावयाची भीक राहिली नाहीं.

आतां आपल्या मंडळीकडे पाहा. उपदेश पाळकानें करावा, आजाऱ्यांस त्यानेंच भेटावें, हिशेब त्यानेंच लिहावा, आणि देवळाची किल्लीही त्याच्याच कमरेला! ह्या आठवड्यांत पंचांनीं एकत्र बसून सर्व कामांची यादी करावी व प्रत्येकापुढें करणाऱ्याचें नांव लिहावें. एकच नांव पुनःपुन्हा आलें, तर तें ओझें तेथेंच वाटून घ्यावें. मरण किंवा भारी दुखणें असल्यावांचून आठवड्यांतील एक दिवस पाळकाचें दार कोणी वाजवूं नये.

आणि सेवकहो, दुसऱ्याच्या हातून तें काम आरंभीं तुमच्याइतकें नेटकें होणार नाहीं. तरी तें द्या. मोशेसारख्या थोर पुरुषानें सासऱ्याचें ऐकलें, त्यांत त्यास कमीपणा आला नाहीं. इथ्रो आपल्या देशीं परत गेला. त्याची सल्ला मात्र लोकांच्या उपयोगी पडत राहिली. ओझें वाटून घेण्याची सुबुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.